इंजिनाचे अतितापन (जुनी पिकअप वाहने)

इंजिनाचे अतितापन म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाचे तापमान त्याच्या नियोजित कार्यकारी मर्यादेपलीकडे जाणे होय. बोलीभाषेत याला 'गाडी गरम होणे', 'इंजिन तापणे' किंवा 'पाणी उकळणे' असे म्हणतात. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक डिझेल इंजिनांचे कार्यकारी तापमान साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. अतितापन हा स्वतंत्र दोष नसून शीतकरण यंत्रणेतील, इंजिनातील किंवा वाहनाच्या वापरातील एखाद्या दोषाचे ते लक्षण असते. म्हणून त्याच्या दुरुस्तीत भाग बदलण्याआधी कारण शोधणे महत्त्वाचे ठरते. काटा कोणत्या परिस्थितीत चढतो, यावरून निदानाची दिशा ठरते.

हा लेख मुख्यतः यांत्रिक इंधनपंप असलेल्या जुन्या डिझेल पिकअप व हलक्या मालवाहू वाहनांविषयी आहे. उदाहरणे परभणी जिल्ह्यातील जिंतूर परिसराच्या हवामानास व वापरास अनुसरून दिली आहेत.

## पार्श्वभूमी

भारतात हलक्या मालवाहू वाहनांचा प्रसार १९८० च्या दशकात वाढला. टाटा ४०७ हे वाहन १९८६ मध्ये आणि टाटा मोबाइल ही पिकअप १९८८ मध्ये बाजारात आली. पुढे टाटा २०७, महिंद्राच्या पिकअप गाड्या आणि २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजेच लोकांच्या तोंडचा 'छोटा हत्ती', यांनी ग्रामीण मालवाहतुकीचे स्वरूप बदलले. यांपैकी अनेक जुनी वाहने आजही वापरात आहेत.

जिंतूर शहरात रेल्वे स्थानक नाही. सेलू व परभणी ही जवळची स्थानके आहेत. त्यामुळे तालुक्यातील कापूस, सोयाबीन, भाजीपाला व जनावरे यांची ने-आण प्रामुख्याने रस्त्यावरूनच होते. तालुक्याच्या उत्तर भागात अजिंठा डोंगररांगांचे फाटे असल्याने काही रस्त्यांवर चढ-उतार आहेत. उन्हाळ्यात मराठवाड्याचे कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते. भरलेली गाडी, चढण आणि तप्त हवा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की, हिवाळ्यात लक्षात न आलेला शीतकरण यंत्रणेचा दुबळेपणा उघड होतो.

रेडिएटरमधून बाहेर पडणारी उष्णता ही पाण्याचे तापमान आणि बाहेरील हवेचे तापमान यांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर असताना बाहेरची हवा २५ अंश असेल, तर हा फरक ७० अंशांचा असतो. हवा ४३ अंश असेल, तर तो ५२ अंशांवर येतो. म्हणजे रेडिएटर पूर्णपणे निर्दोष असला तरी त्याची उष्णता टाकण्याची क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. अर्धवट तुंबलेला रेडिएटर पौष महिन्यात चालून जातो आणि वैशाखात हार मानतो, याचे कारण हेच आहे.

## शीतकरण यंत्रणेची रचना

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ते दोन पंचमांश भाग चाकांना गती देण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुरावाटे बाहेर पडतो, तर दुसरा मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणारे पाणी वाहून नेते. या यंत्रणेचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* वॉटर पंप : पट्ट्याच्या साहाय्याने फिरतो व पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून ढकलतो.
* थर्मोस्टॅट : मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते व पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. बहुतेक इंजिनांत ती ८० ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागते.
* रेडिएटर : बारीक नळ्या व त्यांवरील पातळ पंख यांची जाळी. नळ्यांतील पाण्याची उष्णता पंखांमधून जाणाऱ्या हवेस मिळते.
* पंखा व त्याचे कवच : गाडी मंद असताना किंवा उभी असताना जाळीतून हवा ओढतात. कवचामुळे ही हवा संपूर्ण जाळीतून येते.
* दाबाचे झाकण : यंत्रणेतील दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू उंचावते. झाकणावर सुमारे ०.९ बार असा अंक असेल, तर साधे पाणीही ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही.
* होज पाइप व जादा पाण्याची टाकी : वरचा पाइप गरम पाणी रेडिएटरकडे नेतो, खालचा पाइप थंड झालेले पाणी पंपाकडे आणतो.

## लक्षणे

तापमानदर्शक काटा लाल पट्ट्याकडे सरकणे, बॉनेटखालून वाफ येणे, टाकीतील पाणी उसळून बाहेर पडणे, इंजिनाची ताकद कमी होणे, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येणे आणि गोडसर वास येणे ही अतितापनाची सामान्य लक्षणे आहेत.

काटा चढला म्हणजे इंजिन खरोखरच तापले, असे मात्र नेहमी नसते. तापमानाचा संवेदक, त्याची तार किंवा जमिनीची जोडणी खराब असेल तर काटा खोटी माहिती देतो. याउलट पाणी फार कमी झाले असल्यास संवेदक पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली दिसतो. म्हणून निदानाचे पहिले काम म्हणजे काटा पडताळून पाहणे होय. थर्मोस्टॅटच्या घरावर अवरक्त तापमापी धरून घेतलेले मापन काट्याशी जुळते का, हे तपासावे.

## निदानाचे तत्त्व

उष्णता तयार होणे व उष्णता बाहेर जाणे यांचा तोल कोठे बिघडतो, हे पाहणे म्हणजे निदान. गाडीचा वेग, भार आणि इंजिन सुरू होऊन गेलेला वेळ या तीन गोष्टी चालकाला विचारल्या तर शक्यतांची संख्या बरीच कमी होते.

| काटा केव्हा चढतो | प्रथम तपासावयाचे कारण |
|---|---|
| उभ्या गाडीत किंवा बाजाराच्या गर्दीत चढतो, रस्त्यावर वेग घेताच उतरतो | पंखा, पंख्याचा क्लच, कवच, सैल पट्टा |
| मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा भार घेऊन जाताना चढतो, गाडी हळू केल्यावर उतरतो | तुंबलेला रेडिएटर, झिजलेला पंप, चिंबणारा खालचा पाइप |
| केवळ चढणीवर भरलेल्या गाडीत चढतो | रेडिएटरची घटलेली क्षमता, अतिभार, इंधनाची चुकीची वेळ |
| सुरू केल्यावर काही मिनिटांतच झपाट्याने चढतो | बंद अडकलेला थर्मोस्टॅट, पाण्याचा अभाव, यंत्रणेतील हवा, हेड गॅसकेट |
| काटा वर-खाली नाचतो | कमी पाणी, हवेचे बुडबुडे, सैल तार |
| इंजिन बंद केल्यानंतर पाणी उसळते | कमजोर झाकण, तापल्यावर लगेच बंद केलेले इंजिन |

हा तक्ता अंतिम निर्णय देत नाही, तपासणी कोठून सुरू करावी एवढेच तो सांगतो.

## तपासणीचा क्रम

तपासणी स्वस्त व सोप्या गोष्टींपासून सुरू करून खर्चिक गोष्टींकडे जावी, हा सर्वमान्य क्रम आहे. हेड उघडणे ही शेवटची पायरी होय.

### थंड इंजिनावर

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून पाण्याची पातळी व रंग पाहावा. पाणी गंजासारखे तांबूस असेल तर आत गंज आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल, तर तेल व पाणी यांच्या मार्गांत कोठेतरी छिद्र आहे. तेलाची पट्टी बाहेर काढून पाहावी. तेल दुधाळ, ताकासारखे दिसत असल्यास त्यात पाणी मिसळत आहे.

त्यानंतर पाइपांचे सांधे, रेडिएटरचा तळ आणि पंपाखालील गळतीचे छोटे छिद्र पाहावे. वाळलेल्या गळतीच्या जागी पांढरा किंवा तांबूस डाग राहतो. पंख्याचे पाते हाताने पुढे-मागे हलवून पाहिल्यास पंपाच्या बेअरिंगमधील ढिलाई कळते. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारणतः १० ते १५ मिलिमीटर दबावा. पट्ट्याची बाजू आरशासारखी चकाकत असेल, तर तो घसरत आहे.

पुढे जाळीची बाहेरील बाजू पाहावी. कापूस व सोयाबीनच्या हंगामात कापसाचे तंतू, भुसा आणि धूळ जाळीच्या पंखांत अडकून हवेचा मार्ग बंद होतो. हा थर पुष्कळदा समोरून दिसत नाही. जाळीमागे दिवा धरल्यास कोणत्या भागातून प्रकाश येत नाही, ते कळते. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने व कमी दाबाने मारावे. मोठ्या दाबाने पातळ पंख वाकतात.

### चालू इंजिनावर

इंजिन सुरू करून वरच्या पाइपाच्या तापमानाकडे लक्ष ठेवावे. थर्मोस्टॅट नीट असल्यास हा पाइप प्रथम कोमट राहतो आणि झडप उघडताच एकदम तापतो. काटा वर गेला तरी वरचा पाइप थंडच असेल, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. वरचा पाइप कडकडीत व खालचा जवळजवळ थंड असेल, तर रेडिएटरमधून पाणी पुढे सरकत नाही. अवरक्त तापमापीने जाळीच्या वेगवेगळ्या भागांचे तापमान घेतल्यास तुंबलेल्या नळ्यांचा भाग थंड आढळतो.

इंजिनाचे फेरे वाढवताना खालच्या पाइपाकडे पाहावे. तो आत चिंबत असल्यास पंप पाणी ओढतो, पण पाइपाची भिंत त्या ओढीला टिकत नाही. काही पाइपांत यासाठी तारेची स्प्रिंग असते. ती गंजून तुटल्यावर हा दोष उद्भवतो.

### विशेष चाचण्या

दाबाची चाचणी : हातपंपाने यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या अंकाइतका दाब देऊन तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहतात. दाब उतरला व बाहेर गळती दिसली नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जात असावे. याच उपकरणाने झाकणही तपासता येते.

थर्मोस्टॅटची चाचणी : थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात तापमापीसह टांगतात व पाणी तापवतात. त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे. ही चाचणी घरच्या चुलीवरही करता येते. शाळेतील प्रसरणाच्या प्रयोगासारखीच ती सोपी आहे.

ज्वलनवायूची चाचणी : रेडिएटरच्या तोंडावरील वायू निळ्या रसायनातून ओढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड असल्यास रसायनाचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. सिलिंडरमधील वायू पाण्यात येत असल्याचे, म्हणजे हेड गॅसकेट अथवा हेड खराब असल्याचे, हे प्रमाण मानले जाते. रसायन उपलब्ध नसल्यास थंड इंजिन झाकण काढून सुरू करतात. पाणी तापण्याआधीच त्यात सतत बुडबुडे येत असतील तर तीच शंका बळावते.

## पाण्याचा प्रश्न

जुन्या गाड्यांत शीतकद्रवाऐवजी बोअरचे किंवा विहिरीचे पाणी घालण्याची पद्धत सर्वत्र आढळते. मराठवाड्याचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे आणि या खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे पाणी तापले की विरघळलेले बायकार्बोनेट विघटन पावते व कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर बसतो. चहाच्या भांड्याच्या तळाशी जमणारा थर हाच होय. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, तर पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य असलेले पाणी इंजिनास योग्य असेलच असे नाही.

हा थर ओतीव लोखंडाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी उष्णतावाहक असतो. तो रेडिएटरच्या नळ्या अरुंद करतो आणि सिलिंडरभोवती बसून उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. दुसऱ्या प्रकारात काटा मध्यावर असूनही हेड आतून जास्त तापलेले असू शकते. विशेष म्हणजे, गळणाऱ्या गाडीत दररोज नवे पाणी घातले जाते आणि प्रत्येक वेळी नवे क्षार आत जातात. त्यामुळे 'रोज थोडे पाणी लागते' ही किरकोळ वाटणारी तक्रार कालांतराने तुंबलेल्या रेडिएटरचे मूळ ठरते.

यावर उपाय म्हणजे इथिलीन ग्लायकोलयुक्त कूलंट निर्क्षार पाण्यात मिसळून वापरणे. महाराष्ट्राच्या मैदानी भागात पाणी गोठण्याचा धोका नसल्याने कूलंटची गरज नाही, असा समज आहे. वस्तुतः कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये अधिक महत्त्वाची असतात. समप्रमाणात मिसळलेल्या ग्लायकोलमुळे उत्कलनबिंदूही काही अंशांनी वाढतो. निर्क्षार पाणी न मिळाल्यास गाळून साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरे.

## प्रचलित पण अपायकारक उपाय

थर्मोस्टॅट काढून टाकणे : उन्हाळ्यात हा उपाय अनेक ठिकाणी केला जातो. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूचा वळणमार्ग बंद करतो, तेथे तो काढल्यास बरेच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि भाराखाली तापणे वाढते. इतर इंजिनांत हिवाळ्यात तापमान फार कमी राहते, डिझेल जास्त लागते, काजळी वाढते व सिलिंडरची झीज होते. दोषी थर्मोस्टॅट बदलणे हाच योग्य उपाय आहे.

गळती बुजवणारी पूड : हळद, तंबाखू किंवा बाजारातील पूड रेडिएटरमध्ये टाकल्याने बारीक गळती तात्पुरती थांबते. परंतु त्याच गाळाने चांगल्या नळ्याही बुजतात.

झाकण सैल ठेवणे : दाब कमी करून पाइप वाचवण्यासाठी असे करतात. त्यामुळे उत्कलनबिंदू खाली येतो व पाणी लवकर उसळते.

पंख्याचे कवच काढणे : पट्टा बदलणे सोपे जावे म्हणून काढलेले कवच पुन्हा बसवले जात नाही. त्यानंतर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत राहतो.

## शीतकरण यंत्रणेबाहेरील कारणे

रेडिएटर, पंप व थर्मोस्टॅट निर्दोष आढळूनही गाडी तापत असेल तर उष्णता जास्त तयार होत आहे काय, हे पाहावे. जखडलेला ब्रेक, घसरणारा क्लच, चुकीच्या वेळी इंधन सोडणारा पंप, तुंबलेला सायलेन्सर, खराब हवागाळणी आणि तेलाची कमी पातळी ही नेहमीची कारणे आहेत. काही किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाचे तापमान घेतल्यास जखडलेला ब्रेक लगेच ओळखू येतो. ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे हे स्वतंत्र कारण आहे. ते असताना इतर दुरुस्त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

## रस्त्यात गाडी तापल्यास

1. वातानुकूलन असल्यास बंद करावे, हीटर असल्यास पूर्ण चालू करावा आणि गाडी सुरक्षित जागी सावलीत थांबवावी.
2. वाफ येत नसेल व पाणी गेले नसेल, तर इंजिन काही मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे. त्यामुळे पंप व पंखा चालू राहून उष्णता बाहेर जाते. वाफ येत असल्यास, पट्टा तुटला असल्यास किंवा पाणी वाहून गेले असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.
3. झाकण उघडण्यापूर्वी किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. दाबाखालील पाणी १०० अंशांपेक्षा जास्त तापलेले असते. झाकण सैल होताच ते वाफेसह उसळून चेहरा व हात गंभीररीत्या भाजू शकतात. थंड झाल्यावरही जाड कापड धरून झाकण प्रथम पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे.
4. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये. धातू असमान आकुंचन पावून हेडला तडा जाऊ शकतो.
5. पाणी भरल्यावरही काटा पुन्हा चढत असल्यास गाडी पुढे न नेता ओढून न्यावी.

## परिणाम

तापलेली गाडी 'गावापर्यंत नेऊ' या विचाराने चालवत राहणे हेच सर्वांत महाग पडते. पाइप, पट्टा किंवा थर्मोस्टॅट बदलण्याचा खर्च तुलनेने अल्प असतो. दुर्लक्ष केल्यास आधी हेड गॅसकेट जळते, नंतर हेड वाकते किंवा तडकते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये जखडून इंजिन बसते. ॲल्युमिनियमचे हेड व लोखंडी ब्लॉक असलेल्या इंजिनांत हा धोका अधिक असतो, कारण ॲल्युमिनियम समान तापमानवाढीत लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेड काढल्यावर त्याच्या पृष्ठभागाची सपाटी सरळपट्टी व फीलर गेजने मोजतात आणि गरज असल्यास फेसिंग करतात. मूळ कारण न शोधता केवळ गॅसकेट बदलल्यास नवी गॅसकेटही काही दिवसांत जाते.

ज्या कुटुंबाची उपजीविका एका गाडीवर चालते, त्याच्या दृष्टीने इंजिन बसणे म्हणजे दुरुस्तीच्या खर्चासोबत ऐन हंगामातील भाडेही बुडणे होय. म्हणून उन्हाळा व कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पट्टा, पाइप, झाकण, जाळी व पाण्याची पातळी यांची तपासणी करून घेणे हिताचे मानले जाते.

## विषारीपणा व विल्हेवाट

इथिलीन ग्लायकोल विषारी असून त्याची चव गोडसर असते. जमिनीवर सांडलेला किंवा उघड्या भांड्यात ठेवलेला कूलंट कुत्री, मांजरे व गुरे चाटण्याची भीती असते. अल्प प्रमाणातही तो मूत्रपिंडास घातक ठरतो. काढलेला कूलंट नाल्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्यालगत ओतू नये. तो झाकणबंद डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

## हे सुद्धा पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* डिझेल इंजिन
* रेडिएटर
* पाण्याची कठीणता
* जिंतूर तालुका